दोंदे मॅडमचा वर्ग आणि खालची विहीर

आशा दोंदे इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागली तेव्हा स्टाफरूममधली खिडकीजवळची खुर्ची तिच्या वाट्याला आली, कारण ती कुणालाच नको होती. खिडकीतून हॉस्टेलच्या मागचा नाला दिसायचा आणि वारा फिरला की त्याचा वास थेट टेबलावर यायचा. साल एक्क्याण्णव. नाशिकच्या वेशीबाहेर, टेकडीच्या उतारावर हे खासगी कॉलेज नुकतंच उभं राहत होतं. अर्ध्या भिंतींना गिलावा नव्हता, पण गेटवरची कमान आधीच तयार होती.

आशा इगतपुरीची. वडील पुंजाराम दोंदे रेल्वेत फिटर. शाळा नगरपालिकेची, मराठी. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर पहिलं वर्षभर ती फळ्यावरचं चित्र उतरवावं तसं वहीत उतरवत राहिली आणि मेकॅनिक्समध्ये नापास झाली. घरी येऊन सांगितलं तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, की वाचलं नाहीस की समजलं नाही. समजलं नाही, असं ती म्हणाली. "मग समजावून सांगणारं कुणीतरी शोध," ते म्हणाले आणि ड्यूटीवर गेले. तसं कुणी तिला सापडलं नाही. ती पुढच्या वेळी पाठांतरावर पास झाली, आणि ते मात्र तिला कायम लागून राहिलं.

कॉलेजात तिचा विषय होता सांडपाणी. मुलं त्या विषयाला हसत. पंचाण्णवच्या सुमारास तिनं त्याच हसणाऱ्या मुलांना हाताशी धरून नाल्याच्या तोंडाशी खड्डा खणला, त्यात खडी आणि वाळूचे थर भरले आणि वर कर्दळ लावली. हॉस्टेलचं पाणी आधी टाकीत थांबायचं, मग या वाफ्यातून मुळांना चाटत हळूहळू पलीकडे निघायचं. वर्षभरात कर्दळ माणसाच्या छातीला लागली. पलीकडून निघणाऱ्या पाण्याला वास नव्हता. माळी ते बागेला घालू लागला. संस्थेचे अध्यक्ष येऊन फोटो काढून गेले, पेपरात बातमी आली आणि वाफ्यापाशी पाटी लागली. पाटीवर प्रा. आशा दोंदे यांच्या मार्गदर्शनाखाली असं लिहिलं होतं. नवऱ्याला, नवनाथला, तिनं रविवारी मुद्दाम नेऊन ती पाटी दाखवली. नवनाथ बँकेत कारकून होता, फार बोलणारा नव्हता. त्यानं पाटी दोनदा वाचली आणि रुमालानं पुसली.

अठ्ठ्याण्णव साली पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा स्टाफरूममध्ये चर्चा झाली. पेठ-सुरगाण्याकडून आश्रमशाळांतून आलेली मुलं जवळजवळ सगळी नापास झाली होती. कोट्यातून येतात, झेपत नाही, जागा मात्र अडते, असं कुणीतरी म्हणालं आणि मग कोट्यातूनच आलेल्या आशाकडे लक्ष गेल्यामुळे चहाचा विषय निघाला. दुसऱ्या दिवशी तिनं त्या मुलांना कॉलेज सुटल्यावर सिव्हिलच्या लॅबमध्ये बोलावलं.

ती मराठीत शिकवायची. पहारीनं धोंडा उलथवताना टेकू धोंड्याच्या जवळ का सरकवतात, इथून ती सुरू करायची आणि मग त्याचंच इंग्रजी समीकरण फळ्यावर लिहायची. मुलं ऐकायची, पण बोलायची नाहीत. त्यात राखी गावित नावाची मुलगी होती. तिचा बाप सहादू डोंगरात भात आणि नागली करायचा आणि सुगी संपली की बायकोला घेऊन दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरायचा. राखी पुढच्या बाकावर बसायची आणि मान खाली घालून सगळं लिहायची. बरेच दिवस गेल्यावर एकदा तिनं हात वर केला.

"मॅडम, ते सर सारखं 'हेन्स' म्हणतात. हेन्स म्हणजे काय?"

"म्हणून," आशा म्हणाली.

"एवढंच?" राखीला हसू आलं, आणि मग बाकीच्यांनाही. वर्षभर त्या शब्दाशी येऊन त्यांची गाडी अडत होती. त्या दिवसापासून वर्गात आवाज सुरू झाला. सगळ्यात जास्त आवाज बहिरू भोयेचा. त्याला आकडे आवडत नसत, पण लॅबमधलं कुठलंही यंत्र तो दोनदा पाहून चालवायचा. पुढच्या परीक्षेत बहुतेक मुलं सुटली. बहिरूचं गणित तेवढं राहिलं.

पुढे कॉम्प्युटरचं वारं आलं. नव्या शाखा निघाल्या, नवी इमारत चढली, हॉस्टेलवर दोन मजले वाढले. वाढलेलं सगळं पाणी आशाच्या त्याच वाफ्यात येऊ लागलं. वाफा मुळात लहान हॉस्टेलसाठी बेतलेला होता. ती प्राचार्य खैरनारांकडे गेली. खैरनार सटाण्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, मनानं वाईट नव्हते. फक्त अध्यक्षांचा फोन आला की ते खुर्चीतून उठून बोलत. दुसरा वाफा लागेल, नाहीतर टाकी मोठी करावी लागेल, असं तिनं सांगितलं. ते म्हणाले, ॲडमिशन्स आटोपू द्या. मग त्यांनी स्वतःहून विचारलं, की मुलांच्या वर्गासाठी शिपायाची वाट बघत थांबावं लागतं ना, आणि लॅबची एक चावी तिच्याकडे कायमची दिली. ती आनंदानं बाहेर पडली. वाफ्याबद्दल तिनं पुन्हा विचारलं नाही.

कॉलेजच्या खालच्या अंगाला एक वस्ती होती. द्राक्षाच्या कामाला येऊन तिथेच राहिलेली माणसं, काही वीटभट्टीवरची. हॉस्टेलच्या खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या कुसाबाई तिथल्याच. आशाचा वर्ग सुटायला उशीर व्हायचा तेव्हा त्या कागदात गुंडाळून दोन पोळ्या आणि चटणी लॅबमध्ये ठेवून जात आणि पैशाचं नाव काढू देत नसत. त्यांचा मुलगा राजू टेम्पो चालवायचा. त्याची बायको लता, विशीतली, पहिलटकरीण. वस्तीला पाण्याची एक विहीर होती, ओहोळाच्या काठाला.

दोन हजार एकच्या पावसाळ्याच्या शेवटी कुसाबाई कामावर आल्या नाहीत. मग कळलं, वस्तीत कावीळ आहे. मोठी माणसं पिवळी पडली आणि पथ्य करून उठली. लताला सातवा महिना होता. तिला सरकारी दवाखान्यात नेलं तोवर ती माणसं ओळखेनाशी झाली होती. ती गेली, पोटातलं मूलही गेलं.

आशा भेटायला गेली. वस्तीकडे उतरताना वाटेत तिला ओहोळ लागला आणि ती थांबली. वाफ्याच्या भिंतीवरून पाणी ओसंडून ओहोळात पडत होतं, काळपट, फेसाळ. पावसानं वाफा बुडाला होता, खडीची तोंडं गाळानं बुजली होती आणि वर आलेलं पाणी कशातूनही न जाता सरळ खाली चाललं होतं. वाटेत विहीर होती. काविळीच्या एका जातीचे जंतू मैल्याच्या पाण्यातून येतात आणि गरोदर बाईला ते सोडत नाहीत, हे ती दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवत होती. परीक्षेत त्यावर प्रश्नही यायचा.

कुसाबाईंच्या दारात बायका बसल्या होत्या. कुसाबाईंनी तिला आत बसवलं आणि पाणी पुढे केलं. आशानं तो तांब्या हातात धरला आणि तिला तो ना तोंडाला लावता येईना, ना खाली ठेवता येईना.

"उकळलेलं हाय," कुसाबाई म्हणाल्या. "डाक्टरनी सांगितलं तवापून उकळतो."

ती ते पाणी प्यायली. येताना तिनं विहिरीचं पाणी बाटलीत घेतलं. लॅबमध्ये तपासलं तर जे वाटलं होतं तेच निघालं. लताला नेमकं त्याच पाण्यानं नेलं असं कुठलीही तपासणी सांगू शकत नव्हती. आशाला मात्र दुसरं काही सुचेना. घरी ती जेवायला बसायची आणि ताट तसंच सरकवायची. नवनाथनं एकदा म्हणून पाहिलं, की हॉस्टेल तू वाढवलंस का?

तिनं खैरनारांना विहिरीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोक्याला हात लावला आणि दाराकडे पाहून आवाज खाली आणला. जानेवारीत मूल्यांकन समिती येणार होती. कॉलेजची श्रेणी तिच्या हातात. अध्यक्षांनी स्वतः दोन गोष्टी काढल्या होत्या दाखवायला, आणि दोन्ही दोंदे मॅडमच्या होत्या. एक, सांडपाण्याचा वाफा. दुसरी, मागास भागातल्या मुलांचा वर्ग. समिती येऊन गेली की वाफ्याचं काम धरायचं, हा त्यांचा शब्द. आणि वर्ग अधिकृत होणार. वेगळी खोली, पुस्तकं, हाताखाली एक शिक्षक. फक्त त्या दिवशी मॅडमनी वाफ्यापाशी उभं राहून माहिती द्यायची.

तोवर वस्तीतल्या लोकांनी कुठलं पाणी प्यायचं, असं तिनं विचारलं. उकळून पितात ना, असं ते म्हणाले. ते म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

आशानं ठरवलं होतं, की गप्प राहायचं. हे तिनं नंतर नवनाथजवळ कबूल केलं. लता परत येणार नव्हती. लॅबमध्ये बसणारी मुलं डोळ्यांसमोर होती. राखी शेवटच्या वर्षाला होती, बहिरूची गणिताची शेवटची संधी उन्हाळ्यात होती, आणि त्यांच्या मागून दरवर्षी नवी मुलं येत होती. खोली मिळाली, शिक्षक मिळाला, तर ती स्वतः उद्या नसली तरी वर्ग राहिला असता.

समिती यायच्या आधी हॉस्टेलच्या मुलांना सुट्टी देऊन घरी पाठवलं, म्हणजे पाणी कमी व्हावं. त्या सकाळी आशा वाफ्यापाशी गेली तर माळी नर्सरीतून आणलेली फुललेली कर्दळ बुजलेल्या खडीत खोचत होता. मुळं पिशवीसकट होती. वरून धुतलेली नवी खडी पसरली होती. तिच्या नावाची पाटी रंगवून घेतली होती.

समितीत तीन जण होते. बाहेरच्या राज्यातले एक वयस्कर प्राध्यापक प्रमुख. अध्यक्ष, खैरनार, विभागप्रमुख, सगळे वाफ्याभोवती उभे राहिले. प्रमुखांनी सहज विचारावं तसं विचारलं, की रोज किती पाणी यातून शुद्ध होतं.

"आज काहीच होत नाही, सर," आशा म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा शांत निघाला. "हा वाफा बुजलेला आहे. ही झाडं आज सकाळी लावली. पावसाळ्यात इथलं मैलापाणी खालच्या विहिरीत गेलं. विहिरीचं पाणी मी तपासलं आहे. वस्तीत कावीळ झाली होती. एक गरोदर बाई गेली."

माळी खाली बघत होता. प्रमुखांनी तिचे आभार मानले, वहीत काहीतरी टिपलं आणि घड्याळ बघून पुढे लायब्ररी आहे का असं विचारलं. सगळे लायब्ररीकडे गेले. आशा तिथेच उभी राहिली. कॉलेजला पुढे श्रेणी मिळाली. हवी होती त्याच्यापेक्षा एक पायरी खालची.

संध्याकाळी खैरनारांनी तिला बोलावलं. ते चिडले नाहीत, नुसते थकलेले दिसत होते.

"तुम्ही मला आधी सांगायचं होतं, मॅडम."

"सांगितलं होतं, सर. हॉस्टेल वाढलं तेव्हा."

"मग पुन्हा सांगायचं होतं," ते म्हणाले.

नंतर कितीतरी वर्षं तिला अध्यक्षांचा त्या दिवशीचा चेहरा आठवला नाही, पण खैरनारांचं हे वाक्य आठवायचं. तिनं पर्समधून लॅबची चावी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती मागितली नव्हती, आणि परतही केली नाही.

महिन्याभरात वस्तीत नळ आला. विहिरीवर लोखंडी जाळी बसवून कुलूप घातलं. पुढे सांडपाण्याचं मोठं यंत्रही बसलं, त्याच्या उद्घाटनाला तिला बोलावणं नव्हतं. लॅब कॉलेजच्या वेळेनंतर उघडायची नाही, अशी नोटीस लागली. आशानं वर्ग नाशिकरोडला, जेल रोडच्या बुद्धविहारात हलवला. मुलं पहिले काही दिवस आली. पण टेकडीवरून शहरात यायचं, तिथून नाशिकरोडला, आणि परत जाताना बस चुकली की पायी. एक एक जण गळत गेला. उन्हाळ्यात परीक्षा झाली. बहिरूचं गणित पुन्हा राहिलं. तो ड्रॉइंग बोर्ड हॉस्टेलच्या खोलीत तसाच सोडून गावी गेला आणि परतला नाही. जूनमध्ये आशाची बदली संस्थेच्या सटाण्याकडच्या पॉलिटेक्निकमध्ये झाल्याचं पत्र आलं.

ती सामान आवरत असताना राखी घरी आली. बसली नाही. दारातच उभी राहिली.

"तुम्ही थोडं थांबायला पाहिजे होतं, मॅडम. परीक्षेपर्यंत."

आशा म्हणाली, की वस्तीतली माणसं तेच पाणी पीत होती.

"मला माहीत आहे. माझी आईबापं अशाच वस्तीत उतरतात." राखीचा आवाज हलला नाही. "त्या बाईचं मलाही वाईट वाटतं. पण ती गेली होती. आम्ही अजून होतो. तुम्ही आम्हाला विचारलं पण नाही."

विचारलं असतं तर मुलं काय म्हणाली असती, हे आशाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं तिला खरोखर सुचलंच नव्हतं. राखी नमस्कार करून गेली. नवनाथनं आतून विचारलं, कोण होतं. ती म्हणाली, वर्गातली मुलगी.

सटाण्यात तिनं पाच वर्षं काढली. आठवडाभर तिकडे खोली, शनिवारी एसटीनं नाशिक. कांद्याचे ट्रॅक्टर बाजूला सरेपर्यंत बस उभी असायची. पॉलिटेक्निकची मुलं घरी अहिराणी बोलणारी. इंग्रजी पुस्तक पाहून त्यांचे चेहरे तसेच होत जसे टेकडीवरच्या मुलांचे होत. आशाला ते दिसायचं. ती तास घ्यायची, शंका विचारली तर सांगायची आणि तास संपला की खडू ठेवून निघायची. जादा वर्ग घ्या ना, असं एका सहकाऱ्यानं सुचवलं तर प्रकृतीचं कारण दिलं. प्रकृती उत्तम होती.

दोन हजार सातच्या मार्चमध्ये ती मुलांची सहल घेऊन पेठ तालुक्यातल्या एका पाणीयोजनेवर गेली. टाकीपाशी माहिती द्यायला जी इंजिनिअर बाई आली ती राखी होती. अंगानं भरली होती, डोक्यावर उन्हासाठी ओढणी बांधलेली. तिनं मुलांना सगळं मराठीत समजावलं, मग तेच इंग्रजीत सांगितलं. हाताखालच्या माणसाला तिनं आशाची ओळख करून दिली, या माझ्या मॅडम, एवढंच. जुन्या गोष्टीचा विषय दोघींनीही काढला नाही. चहा पिताना आशानं बहिरूचं विचारलं. तो जवळच्याच पाड्यावर असतो, द्राक्षाच्या कामाला टोळ्या नेतो, असं राखीनं सांगितलं आणि थोडं थांबून स्वतःच म्हणाली, की जायचं असेल तर मी गाडी देते.

मुलांना जेवायला बसवून आशा गेली. बहिरू अंगणात मोटरसायकलचं इंजिन उघडून बसला होता. तिला पाहून घाईनं उठला, हात पुसले, बायकोला हाक मारून खाट टाकायला लावली. तो खूश झाला होता, त्यात खोटं काही नव्हतं. पोरांचं सांगितलं, पावसाचं सांगितलं. आशानं शेवटी म्हटलं, की तो वर्ग बंद पडला नसता तर तुझं गणित सुटलं असतं.

"नाही हो मॅडम," तो म्हणाला. "मला गणित येतच नव्हतं."

"येत होतं. तू घाबरायचास."

बहिरूनं काही क्षण हातातल्या पान्याकडे पाहिलं. "असेल," तो म्हणाला. "पण आता तुम्ही ते नका काढू. तुम्ही गेल्यावर मला इथंच राहायचं असतं."

त्याच्या बायकोनं कोरा चहा दिला, तो तिनं संपवला. निघताना बहिरू गाडीपर्यंत सोडायला आला आणि तिकडे पण घेता का वर्ग, असं त्यानं विचारलं. नाही, असं ती म्हणाली. का, असं त्यानं विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर फक्त आश्चर्य दिसलं, आणि परतीच्या वाटेवर तेच तिला जास्त टोचलं.

जुलैमध्ये नवी मुलं आली. दुसऱ्याच आठवड्यात आशा पॉलिटेक्निकच्या प्राचार्यांकडे गेली आणि कॉलेज सुटल्यावर एक खोली मागितली. खोलीच्या बदल्यात माझ्याकडून काही नको असेल तरच द्या, असंही तिनं सांगितलं. त्यांना ते कळलं नाही. त्यांनी मान डोलावली. त्याच बैठकीत तिनं मुलींच्या हॉस्टेलची टाकी भरत आल्याचं सांगितलं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा सांगितलं, आणि त्याच्या पुढच्या महिन्यातही. प्राचार्य तिला पाहिलं की दुसऱ्या दारानं जाऊ लागले.

पहिल्या दिवशी वर्गात थोडीच मुलं बसली होती, सगळी मागच्या बाकांवर. बाहेर पाऊस नव्हता, नुसतं ढगाळ होतं आणि मार्केटकडून कांद्याचा वास येत होता. आशानं सगळ्यांना पुढे बोलावलं, फळा पुसला आणि आधी त्यांनाच विचारलं, की तुमचं कुठं अडतं ते सांगा. ती खुर्ची ओढून बसली आणि वाट पाहत राहिली.